खाका कागदावर नेमक्या मापात छापून घेताना: वाक्या आणि कंबरपट्ट्यांच्या कामाचा अनुभव

नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथल्या, सोलापुरातल्या एका शाळेकडून मला पितळी वाक्या (दंडात घालायचे दागिने) आणि कंबरपट्ट्यांचं काम मिळालं. स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी ३२ मुलींचे दागिने हवे होते, तीन मापांत. पत्रा कापणं, घासणं, डाख देणं हे मी सराफ कट्ट्याजवळच्या एका काकांकडे शिकले आहे, त्यामुळे घडवण्याची काळजी नव्हती. काळजी होती ती संगणकावर काढलेला खाका कागदावर अचूक मापात उतरवण्याची. १० सेंटिमीटरची रेघ कागदावर १० सेंटिमीटरच भरली पाहिजे, एवढीच साधी गरज. त्यासाठी जवळजवळ तीन आठवडे गेले. मराठीत याबद्दल लिहिलेलं मला काही सापडलं नाही, म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

शाळेची पद्धत आधी सांगते, कारण मापाचा सगळा आग्रह तिथून आला. १० नोव्हेंबरला दरपत्रक दिलं. कार्यालयातल्या लिपिक मॅडम म्हणाल्या, "ताई, नुसता फोटो चालणार नाही. प्रत्यक्ष मापातलं चित्र द्या, दोन प्रतींत. एकावर मुख्याध्यापिकांची सही-शिक्का होऊन तुम्हाला परत मिळेल, एक आमच्या फायलीला राहील. माल आला की त्या कागदावर ठेवून बघणार." मला ही पद्धत मनापासून आवडली. पुढे "लहान झालं", "आम्ही असं सांगितलं नव्हतं" अशा वादाला जागाच राहत नाही. पण मग तो कागद म्हणजेच माप, आणि तो चुकीचा छापला गेला तर शिक्क्यासकट चुकीचा होणार.

थोडासा फरक पडला तर काय बिघडतं, असं मला दोघातिघांनी विचारलं. बांगडीचं उदाहरण घ्या. दोन-सहाची बांगडी म्हणजे आतला व्यास दोन पूर्णांक सहा सोळांश इंच, सुमारे ६०.३ मिलिमीटर. तिचा खाका छापताना पाच टक्क्यांनी आक्रसला तर ५७.३ मिलिमीटर उरतात, आणि ते जवळजवळ दोन-चारचं माप. नुसत्या डोळ्यांना कागदावर हा फरक कळत नाही, हाताला मात्र लगेच कळतो. माझ्या मोठ्या मापाच्या वाकीची पट्टी २४० मिलिमीटर लांब होती. चार टक्क्यांनी ती साडेनऊ मिलिमीटरनी आखूड झाली असती आणि मागची दोरी बांधताना मुलीच्या दंडाला रुतली असती.

मुलींच्या दंडांची मापं शिंपीकामाच्या टेपने घेतली. त्यातून मागचं दोरीचं अंतर वजा केलं आणि पत्र्याच्या जाडीसाठी थोडं वाढवलं. पत्रा वाकवला की आतली बाजू आखडते, म्हणून पूर्ण गोलाला जाडीच्या ३.१४ पट लांबी जास्त धरायची असते. २४ गेजच्या पत्र्याला ती पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास येते. गेजबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ब्रिटिश गेज चालतो, त्यात २४ नंबर म्हणजे ०.५६ मिलिमीटर. अमेरिकेतल्या खाक्यावर २४ गेज लिहिलं असेल तर ते ०.५१ असतं. खाक्यावर गेजऐवजी सरळ मिलिमीटरच लिहावेत.

पहिलं चित्र मी ग्राफ पेपरवर हाताने काढलं. आमच्या साखर पेठेत शेजारी एक आजोबा आहेत, त्यांचं आयुष्य चादरींच्या जकार्ड डिझाइनचे ग्राफ काढण्यात गेलं. वाकीच्या मधल्या कमळाची वळणं त्यांनी पेन्सिल हातात घेऊन नीट करून दिली. मी छपाईच्या मापाचं गाऱ्हाणं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमचं बरं होतं पोरी. आम्ही घरं मोजायचो. एक घर म्हणजे एक धागा. कागद लहान छापला काय, मोठा छापला काय, चादर मागावर तेवढीच निघायची. तुझ्या कामात कागदच माप आहे. मग त्या कागदावरच त्याचा पुरावा ठेव." त्यांनी तिथल्या तिथे पानाच्या खाली एक आडवी आणि बाजूला एक उभी रेघ ओढून दाखवली. मला मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला हाच. दोन दिशांना दोन मापरेघा, आणि शेजारी आकड्यात लांबी.

हाताने काढलेलं चित्र संगणकात घ्यायला मोबाइलवरचं स्कॅनचं ॲप वापरू नका. ते कागदाचे चार कोपरे शोधतं आणि चित्र ए-४च्या चौकटीत ताणून बसवतं. कोपरा थोडा इकडेतिकडे धरला गेला की लांबी-रुंदीचं प्रमाणच बदलतं. फोटोत तर कॅमेऱ्याच्या तिरकेपणाने वरची घरं लहान आणि खालची मोठी दिसतात. मी काचेच्या सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन करून घेतलं, पानाला दहा रुपये लागले. ए-४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल येतं. स्कॅन नीट झालं आहे का हे पाहायला हा आकडा पुरतो.

त्या स्कॅनवरून इंकस्केपमध्ये रेघा गिरवल्या. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. सुरुवातीलाच दस्तऐवजाचं एकक मिलिमीटर आणि पान ए-४ ठेवलं. तिथे एक बारीक गोष्ट लक्षात आली. आकाराची लांबी दाखवताना ते रेघेची जाडीही धरतं. १ मिलिमीटर जाड रेघेने काढलेला ५० मिलिमीटरचा चौकोन ५१ दाखवतो. सेटिंगमध्ये 'व्हिज्युअल'ऐवजी 'जिओमेट्रिक बाउंडिंग बॉक्स' निवडलं की खरी लांबी दिसते. मी सगळ्या रेघा ०.२ मिलिमीटरच्या ठेवल्या, कारण जाड रेघ असली की करवत तिच्या आतून घालायची की बाहेरून, हा प्रश्न दर वेळी उभा राहतो. मग आजोबांनी सांगितल्याप्रमाणे २०० मिलिमीटरची एक रेघ लांबीच्या दिशेने, १५० मिलिमीटरची एक रुंदीच्या दिशेने, आणि कोपऱ्यात ८५.६ बाय ५४ मिलिमीटरचा चौकोन काढला. तो एटीएम कार्डाचा आकार आहे, जगभर ठरलेला. पट्टी जवळ नसली तर कार्ड ठेवून तपासता येतं. शेवटी फाइल पीडीएफ केली. चित्राची फाइल, म्हणजे जेपीजी वगैरे, छपाईला देऊ नये. तिच्यात फक्त पिक्सेल असतात आणि ते किती मिलिमीटरमध्ये मांडायचे हे उघडणारं सॉफ्टवेअर स्वतःच ठरवतं. १२०० पिक्सेलची रेघ ३०० डीपीआयला १०१.६ मिलिमीटर होते आणि ९६ डीपीआयला फूटभरापेक्षा लांब.

१७ नोव्हेंबरला छपाईला गेले. कॉलेजजवळचं दुकान, परीक्षेच्या अर्जांची गर्दी, समोर मोठी रांग. पाळी आल्यावर मुलगा म्हणाला, "व्हॉट्सॲपला टाका की ताई, पेन ड्राइव्ह नको, व्हायरस येतो." व्हॉट्सॲपने पाठवायला हरकत नाही, फक्त 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ते दाबून लहान केलं जातं आणि मापाची माहिती गळून पडते. दहा रुपयांत प्रिंट हातात आली. पट्टी लावली, २०० ची रेघ १९२ भरली.

त्या क्षणी पोटात गोळा आला हे खरं आहे, कारण चूक कुठे झाली ते कळत नव्हतं. फाइल घरी दहा वेळा तपासलेली होती. मागे लोक उभे, आणि मुलगा म्हणतो, "मशीन एकदम नवीन आहे, माप बरोबरच येतं." मी बाजूला झाले, रांग संपेपर्यंत थांबले आणि मग त्याला विनंती केली की प्रिंटची खिडकी उघड, आपण दोघं मिळून बघू. तिथे 'फिट' निवडलेलं होतं. बहुतेक दुकानांत ते कायम तसंच असतं आणि त्यांच्या बाजूने ते रास्तही आहे. प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही, चारही बाजूंनी काही मिलिमीटर कोरे सुटतात. मार्कशीटची किंवा आधार कार्डाची कड कापली जाऊ नये म्हणून पान थोडं लहान करून त्या जागेत बसवलं जातं. आपल्याला 'ॲक्च्युअल साइज' हवं असतं, किंवा 'कस्टम स्केल' मध्ये १००. 'श्रिंक ओव्हरसाइज्ड पेजेस' हेही नको, तेही पान आक्रसवू शकतं. यानंतर 'प्रॉपर्टीज' मध्ये जाऊन प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये 'फिट टू पेज' किंवा 'बॉर्डरलेस' चालू नाही ना, ते पाहायचं. बॉर्डरलेसमध्ये उलट चित्र किंचित मोठं होतं. फाइल थेट क्रोममधून छापत असाल तर 'मोअर सेटिंग्ज' खाली 'स्केल' असतं, तिथे 'कस्टम' निवडून १०० लिहा. दोन्ही ठिकाणं बघितल्याशिवाय छापा म्हणू नका.

कंबरपट्ट्याच्या मधल्या पदकासाठी मी एका परदेशी संकेतस्थळावरून जाळीकामाचा खाका विकत घेतला होता. तो अमेरिकेतल्या लेटर मापाच्या पानावर होता. लेटर पान २१५.९ बाय २७९.४ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या ए-४ पेक्षा सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि साडेसतरा मिलिमीटर आखूड. 'फिट' वर छापलं की ते दुप्पट मार खातं, एकदा कागदाच्या फरकाचा आणि एकदा कोऱ्या कडांचा. त्यावर तपासायला एक इंचाचा चौकोन दिलेला होता, तो २४ मिलिमीटर भरला. खरं तर तो २५.४ हवा. 'ॲक्च्युअल साइज' ला छापल्यावर डावी-उजवीकडे तीनेक मिलिमीटरची कड गेली, पण तिथे कोरी जागाच होती. अशा छोट्या चौकोनावर फार भिस्त ठेवू नये असं माझं मत झालं आहे. एक टक्क्याची चूक इंचात पाव मिलिमीटर दिसते, म्हणजे दिसतच नाही. तीच चूक २०० मिलिमीटरच्या रेघेत दोन मिलिमीटर होते आणि लपत नाही.

मोजण्यासाठी स्टीलची पट्टी घ्या, साठ-सत्तर रुपयांना मिळते. प्लॅस्टिकच्या शाळकरी पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. आणि शून्यापासून मोजण्याऐवजी १ सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा, कारण पट्टीचं टोक झिजलेलं असतं.

१०० टक्क्यांना छापल्यावर आडवी रेघ बरोबर १५० आली. उभी १९९ आली. मुलाने आता मनावर घेतलं होतं, त्याने दुसऱ्या ट्रेमधून, मग दुसऱ्या कागदावर छापून पाहिलं, तरी १९९. हा फरक मशीनचा असतो. कागद रुळांवरून पुढे सरकतो त्या दिशेला ओढ थोडी कमीजास्त होते, आणि लेझर प्रिंटरमध्ये कागद तापून कोरडा होतो तेव्हाही किंचित आकसतो. अर्धा टक्का म्हणजे चालवून घ्यायचं की नाही? वाकीला एक मिलिमीटरने काही बिघडणार नव्हतं. कंबरपट्ट्याच्या मात्र ४० मिलिमीटरच्या १८ कड्या एकमेकींत अडकवायच्या होत्या. प्रत्येक कडीमागे ०.२ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण पट्ट्यात साडेतीन मिलिमीटरच्या वर. मी चालवून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी होटगी रोडच्या बाजूला, घरांचे नकाशे छापणाऱ्या एका दुकानात गेले. तिथल्या माणसाला प्रमाण, माप हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. त्याने स्वतःची पट्टी काढली, छापलं, मोजलं, १५० आणि २००. इंकजेट होता. पान वीस रुपये पडलं, पण जिवाला स्वस्थता मिळाली. ३४ सेंटिमीटरचा पदकासकट पुढचा भाग ए-४ वर बसत नव्हता, तो त्याने ए-३ वर काढून दिला, चाळीस रुपये. ए-३ ४२० मिलिमीटर लांब असतो. ए-३ ची सोय नसेल तर ॲक्रोबॅट या पीडीएफच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पोस्टर' म्हणून पर्याय आहे. तो मोठं चित्र ए-४ च्या तुकड्यांत छापतो, तुकडे एकमेकांवर थोडे चढवतो आणि कापायच्या खुणाही देतो. त्यात 'टाइल स्केल' १०० आहे ना, एवढं बघायचं, आणि तुकडे चिकटवल्यावर सांध्यावरून जाणारी एक लांबी मोजायची.

शाळेला दोन प्रती हव्या होत्या. लिपिक मॅडम सहज म्हणाल्या, "एकाची झेरॉक्स काढा, दोन रुपयांत होईल." झेरॉक्स मशीनही १०० वर ठेवून नेमकं १०० देईलच असं नसतं, आणि झूम एकेका टक्क्याने बदलतो, म्हणून अर्ध्या टक्क्याची दुरुस्ती तिथे होत नाही. मी त्यांना मापरेघ दाखवून समजावलं आणि दोन्ही प्रती मूळ छापील दिल्या. त्यांना ते लगेच पटलं. झेरॉक्सशिवाय गत्यंतरच नसेल तर हव्या असलेल्या लांबीला मोजलेल्या लांबीने भागा आणि १०० ने गुणा. १०० च्या जागी ९७ आलं असेल तर झूम १०३ ठेवायचा. पण तो शेवटचा उपाय.

२१ नोव्हेंबरला कागद आवक-जावकला नोंदवले. आवक क्रमांक अगदी वाकीच्या कमळावर लिहिला जाणार होता, वेळेत पाहिलं म्हणून वरच्या कोऱ्या जागेत लिहून घेतला. तुम्ही देणार असाल तर उजव्या कोपऱ्यात 'आवक क्रमांक', 'सही', 'शिक्का' अशा चौकटी आधीच छापून ठेवा. मुख्याध्यापिका बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या, त्यामुळे सही व्हायला आठवडा लागला. तो आठवडा जड गेला, कारण सहीशिवाय पत्रा कापायला हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं. २८ तारखेला सही-शिक्क्याची प्रत मिळाली. बाईंनी स्वतः पट्टी मागवून रेघ मोजली होती आणि शेजारी 'तपासले' असं लिहिलं होतं. ते वाचून मला फार बरं वाटलं.

मंजूर प्रत मी कापली नाही, ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवली. कापायचे खाके त्याच दुकानातून, त्याच दिवशीच्या सेटिंगने ए-४ स्टिकर शीटवर छापून घेतले, एका शीटला तीस रुपये. हे महाग वाटलं तरी कारण आहे. साधा कागद पाण्याच्या डिंकाने पत्र्यावर चिकटवला तर तो ओलाव्याने फुगतो आणि माप वाढतं, तेही आडवं आणि उभं सारखं वाढत नाही. छपाईत केलेली सगळी मेहनत त्या डिंकात जाते. स्टिकरमध्ये ओलं काही नसतं. पत्रा आधी बारीक पॉलिश पेपरने घासून तेलकटपणा पुसून काढा, नाहीतर करवतीच्या धक्क्याने स्टिकर उचलला जातो. चिकटवल्यावर पुन्हा एकदा मापरेघ मोजा, कारण स्टिकर ओढून लावला तर तोही ताणतो.

काकांनी कापायच्या वेळी एवढंच सांगितलं, "रेघ ठेवून काप. रेघ कानशीने जाऊ दे." करवतीचं पातं स्वतः पाव मिलिमीटरच्या आसपास जागा खातं. म्हणून पातं रेघेच्या बाहेरून, टाकून द्यायच्या बाजूने चालवायचं, आणि शेवटी कानस रेघेपर्यंत आणायची. जाळीच्या आतल्या भोकांत हेच उलटं, पातं रेघेच्या आतून. पहिली वाकी तयार झाल्यावर काकांनी ती मंजूर कागदावर ठेवली आणि बाजूने टॉर्च मारला. रेघ सगळीकडे सारखी दिसत होती. "पुढची घे" म्हणाले, आणि ते त्यांच्याकडचं मोठं कौतुक असतं.

डिसेंबर सगळा घडवण्यात गेला. २९ डिसेंबरला माल दिला. संक्रांतीआधीच द्यायचा होता, कारण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत मंदिराच्या बाजूने सामान घेऊन जाणं अवघड होतं. शाळेत टेबलावर फायलीतली प्रत काढली, तिन्ही मापांची एकेक वाकी आणि एक पट्टा ठेवून पाहिला. दहा मिनिटांत पावती मिळाली.

छपाईवर एकूण सातशेच्या आत खर्च आला, त्यात स्टिकर शीटचा वाटा सर्वांत मोठा. पुढच्या वेळी दरपत्रकात 'खाका व छपाई' अशी वेगळी ओळ लावणार आहे, या वेळी ती रक्कम मजुरीतच गेली. फाइलच्या नावातही आता माप, कागदाचा आकार आणि तारीख लिहिते, उदाहरणार्थ 'वाकी-२४०-ए४-१८नोव्हें'. दुकानात पाठवताना सोबत एक ओळ टाइप करून पाठवते. तुम्हीही तशीच उचलून पाठवा: "ॲक्च्युअल साइज, १०० टक्के, फिट नको, खालची रेघ २०० मिलिमीटर भरली पाहिजे, मी पट्टी घेऊन येते आहे."